काल किती?

पावणेसहाला स्क्रिप्ट उठते, माझ्या आधी.
मुंबईतल्या कुठल्याशा थंडगार इमारतीला विचारते,
काल किती?
तिथून आकडे येतात डॉलरमध्ये, दशांशापुढं सहा घरं,
ती त्यांचे रुपये करते, रांगेत बसवते,
आणि मी चूळ भरेपर्यंत
बिराजदार सरांच्या फोनवर एक ओळ टेकते:
काल चार हजार एकशे सहा. परवापेक्षा नऊशेनं जास्त.

नऊशे कशाचे ते मला ठाऊक असतं.
काल सराव परीक्षा होती.
अकरा हजार पोरं एकदम बसली,
औसा रोडच्या खोल्यांतून, निलंग्याहून, अहमदपूरहून,
चार मशीनच्या चाळीस झाल्या,
आणि पेपर संपल्यावर
सहा तशाच चालू राहिल्या रात्रभर,
वऱ्हाड गेल्यावर
मंगल कार्यालयात पंखे राहतात तशा.

अण्णांना सांगितलं होतं, आम्ही ढग भाड्यानं घेतो.
"कुठं असतेत ते?"
मुंबईला.
"मग बराबर हाय. तिकडंच जातेत समदे."

अण्णा म्हणजे तातेराव, व्हॉल्वमन, महापालिका, निवृत्त.
एकतीस वर्षं लोखंडी चावी खांद्यावर.
दहा दिवसांतून एकदा, चाळीस मिनिटं, एकेक गल्ली.
सोडाया कुणीबी सोडतंय, म्हणायचे,
बंद कराया मानूस लागतंय.
माझ्या स्क्रिप्टमध्ये एवढंच आहे,
दोनशे ओळींत.

त्यांच्या वह्या अजून माळ्यावर आहेत.
गल्ली, सोडलं, बंद केलं, सही.
आणि दर दोन पानांआड, तळाशी, बारीक अक्षरात:
गळती, पाव फेरा.
एकतीस वर्षं एकच गळती कशी काय, विचारलं एकदा.
चहा बशीत ओतला त्यांनी.
"टेकावरची वस्ती. नकाशात नव्हती."
मग बशी तोंडाला लावली, आणि विषय संपला.

माझ्या रिपोर्टच्याही तळाशी एक ओळ आहे, वर्ष झालं:
नाव नाही. दोनशे बारा रुपये. रोज.
मशीनला मालकाचं नाव हवंच, हा नियम माझा,
म्हणून काल रात्री माग काढला.
तीन फेब्रुवारी, रात्री दोन दहा, सुमेधनं सुरू केलेली.
सुमेध आता पुण्यात. फोन उचलला, माझा प्रश्न ऐकला,
आणि जेवलीस का, असं विचारलं.

आत शिरले.
जुने पेपर, उत्तरांसकट. बाकी काही नाही.
आणि एकोणीस नंबर, रात्री अकरानंतर येणारे,
फीच्या यादीत त्यातला एकही नाही.
एकानं परवा एकच गणित सात वेळा केलं.
सातव्यांदा आलं.

बंद करायची कमांड लिहून झाली होती.
वर्षाचे सत्त्याहत्तर हजार तीनशे ऐंशी,
हिशेब मला येतो, तेवढ्याचाच पगार घेते.
कर्सर लुकलुकत राहिला.
बाहेर कुणाची तरी टाकी भरून वाहत होती
आणि कुणीच उठत नव्हतं.

कमांड पुसली.
मालकाच्या रकान्यात एक शब्द टाकला.

आज सहाला सरांचा फोन.
"ही गळती कुठली गं?"
शोधतेय सर, म्हटलं.
मागं मोरीत अण्णा
नळ आवळत होते,
थेंब थांबेपर्यंत.