आवक क्रमांक

सहा मीटरची आमची गल्ली
एका गुरुवारी नऊ मीटरची झाली,
कागदावर.
गल्लीला पत्ता नाही.
समोरून टेम्पो आला की रिक्षा अजूनही
कोपऱ्यापर्यंत मागे मागे जाते,
आणि सोनचाफा कुंपणाबाहेर
वाकलाय तसाच वाकलेला.

नोटीस आतल्या पानावर होती,
नावबदल आणि हरवलेल्या गुणपत्रिकेच्या मधे.
हरकती व सूचना, लेखी, तीस दिवसांत.
खळदकरकाकांना ती चोविसाव्या दिवशी सापडली,
पावटे सोलताना, सालांच्या खाली.

मग पार्किंगमध्ये सभा. खुर्च्या घरून आणा.
नऊ मीटर रस्ता म्हणजे शेजारच्या प्लॉटवर तेरा मजले.
आमचे तीन.
पाणी सकाळी सव्वा तास येतं, तेही लिहा.
ड्रेनेजची लाइन सहा इंची, लिहा.
गाड्या कुठे लावणार? लिहा.
सुलभाताई म्हणाल्या, माझं ऊन.
अकरा ते दीड येतं, गॅलरीत, सांडग्यांपुरतं.
वकील म्हणाले, ऊन या मथळ्याखाली
हरकत घेता येत नाही.
तरी मी लिहिलं, पेन्सिलीनं.

बेंद्र्यांनी सही केली, पण अगदी बारीक.
जिन्यात हळूच म्हणाले,
उद्या आपलीही पाडायची म्हटली
तर हाच रस्ता लागेल ना, सेक्रेटरीबाई?
मी उत्तर दिलं नाही.
माझ्याही कपाटात एका बिल्डरचं माहितीपत्रक आहे,
गुळगुळीत, पोहण्याचा तलाव असलेलं.

जुन्या मंजूर नकाशाची प्रत हवी होती
म्हणून महापालिकेत तीन खेपा घातल्या.
तिसऱ्या खेपेला दप्तर निघालं.
सुतळी सोडली तशी धूळ आधी बाहेर आली,
मग आमची इमारत, निळ्या रेघांची,
अजून कुणीच राहायला न आलेली,
आणि तिच्या पाठीला टाचलेला
वहीचा एक आखीव कागद.

येसाबाई गंगाराम शेडगे, राहणार कोथरूड.
अक्षर कुणा शाळकरी मुलाचं, खाली अंगठा.
टेकडीवरून येणारा आमचा पाट
या इमारतीच्या खाली जातो.
मेथीच्या वाफ्यांना पाणी कुठून द्यावे
ते साहेबांनी सांगावे.
सन चौऱ्याऐंशी. आवक क्रमांक दोनशे बारा.
शेरा: विचारात घेतली. दप्तरी दाखल.

मी तिथेच बाकावर बसले.
आमच्या तळमजल्याची मागची भिंत
चाळीस वर्षं ओली आहे.
चार प्लंबर झाले, दोनदा वॉटरप्रूफिंग,
वर्गणीवरून दोन घरांत बोलणं बंद.
एक म्हणाला पाइप, एक म्हणाला सिमेंट.
मेथी कुणीच म्हणालं नाही.

सुनावणीला आम्ही अकराजण,
प्रत्येकाला तीन मिनिटं.
उपअभियंता तांबोळी सभ्य माणूस,
चहा आमच्यासमोर एकट्यानं प्यायला नाही.
विकसकाच्या बाजूनं एक तरुण मुलगी,
लॅपटॉपवर तेरा मजले गोल गोल फिरवत.
तिच्या चित्रात आमची इमारत
नुसता एक करडा ठोकळा होता,
खिडक्या नसलेला.

मी पाणी वाचलं, ड्रेनेज वाचलं,
पेन्सिलीचं ऊनही वाचून टाकलं.
मग म्हटलं, आणि इथे एक पाट आहे.
कुठे? नकाशावर दाखवा.
नकाशावर नाही साहेब, आमच्या भिंतीवर आहे.
त्या मुलीनं फिरणारी इमारत थांबवली.
तांबोळींनी काहीतरी टिपून घेतलं,
काय ते उलटं वाचता आलं नाही.

खाली आवक खिडकीत शिक्का बसला,
शाई अर्ज घडीपार गेली.
कारकुनाला विचारलं,
हा कागद त्या जुन्या कागदाला जोडून ठेवाल?
एकाच सुतळीत?
त्यानं चष्म्यावरून पाहिलं.
ते दप्तर वेगळं आहे, मॅडम.
तुम्हाला हवं तर झेरॉक्स जोडा,
जिन्याखाली मिळेल, दोन रुपये पान.

मी अंगठ्याची बाजू वर ठेवून काढायला सांगितली.
काळी आली.