तिसरा रकाना

मिल्दाने वही दिली आहे, तीन रकाने आखून.
पहिल्यात वेळ. दुसऱ्यात दुखण्याचा आकडा, शून्य ते दहा.
तिसऱ्यात, त्या वेळी मनात काय होतं ते.
मिल्दा माझ्या मुलाहूनही लहान.
तिच्या खिडकीतून क्लाइपेडा बंदराच्या क्रेन दिसतात
आणि मी तिच्याऐवजी त्यांच्याकडे बघत बसते.

नागीण येऊन गेली त्याला चार वर्षं झाली.
फोड सुकले, खपल्या पडल्या,
राहिला तो डाव्या बरगडीखालचा हातभर पट्टा.
ब्लाउजचं कापड टेकलं तरी आग.
दुखण्यासाठी माझ्याकडे शब्दांचा तुटवडा नाही.
सणक येते, कळ निघते, ठणकतं, चुरचुरतं,
आणि पहाटे तीनला
कोणी तरी गरम सुईत दोरा ओवत बसल्यासारखं,
सावकाश, टोक थुंकीने ओलं करून.
मनासाठी दोनच शब्द: बरं. ठीक.

मंगळवार, सकाळी सहा. सात. ठीक.
मंगळवार, रात्री नऊ. आठ. ठीक.
बुधवारी वितेनिसचा फोन, आयर्लंडहून.
या नाताळलाही जमणार नाही म्हणाला.
नऊ. बरं.

मिल्दाने त्या ओळीवर बोट ठेवलं.
"नऊ, आणि बरं?"
मी म्हणाले, वारा फिरला होता त्या दिवशी.

एकतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते.
कानाला हेडफोन, गळ्यात पट्टा,
छातीवर डाव्या अंगाला कललेला, शिंगासारखा काळा माइक.
जोडून द्यायचं, ऐकायचं नाही. पहिल्याच दिवशी शिकवलं.
बाळंतपणं, घटस्फोट, हेरिंगचे भाव
माझ्या बोटांतून जायचे, नळातून पाणी जावं तसे.
नळाला कुठे असते तहान.

एकोणऐंशीचा फेब्रुवारी, रात्रपाळी.
मासेमारी ताफ्याच्या कचेरीने एक नंबर मागितला.
नंबर माझ्या घरचा होता.
मी प्लग खोचला. आठ वेळा घंटा वाजू दिली.
कोण उचलणार? मी इथे, गेद्रियुस बोटीवर,
बाळ शेजारच्या ओनाकडे.
"उत्तर नाही," मी म्हणाले, नियमात होतं तसं,
"थोड्या वेळाने पुन्हा मागा."
पुढचा दिवा लागला होता. पुढचा कॉल घेतला.
सहा वाजेपर्यंत एकशे बारा कॉल, एकही चुकला नाही.
वर्षअखेरीला बिल्ला मिळाला, अचूकतेचा.

मिल्दाला हे मी हेरिंगचे भाव सांगावेत तसं सांगितलं.
ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली,
"ती घंटा अजून वाजते का?"

मी चिडले. चिडले असं आता म्हणते;
तेव्हा एवढंच कळलं की पट्टा पेटला,
आणि कोट उचलून मी निघाले. टोपी तिथेच राहिली.

सगळं मनाचं आहे म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.
विषाणू खरा आहे. मज्जातंतू खरोखरच जळलाय.
डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं:
वायरीवरचं आवरण गेलेलं.
हे मला समजतं.
उघड्या वायरीवर दुसऱ्या लाइनीचं बोलणं उतरतं,
कुणाची कुजबूज कुणाच्या कानात.
आमच्याकडेही व्हायचं, दमट दिवसांत.
लोक तक्रार करायचे:
बाई, माझ्या फोनवर कोणी तरी रडतंय.

काल रात्री पावणेतीन. सात.
दिवा लावला. तिसऱ्या रकान्यावर
पेन टेकवून इतका वेळ बसले
की शाईचा ठिपका पावट्याएवढा झाला.
लिहिलं: भीती. खोडलं.
लिहिलं: घरी कोणी नव्हतं.
ही काही भावना नव्हे, मिल्दा म्हणेल. म्हणू दे.

आकडा पुन्हा तपासला. सातच.
उजव्या कुशीवर झोपले.
उद्या टोपी आणायला जायचंय.