खर्ज

मी जन्मलो तेव्हा कोणत्या पट्टीत रडलो
हे गावात एकट्या बिमुर्झाला ठाऊक होतं.
सहा वर्षांचा होता, म्हणे, भिंतीला कान लावून बसलेला.
विचारलं की दर वेळी वेगळाच सूर लावून दाखवायचा.
खोटारडा.

आम्ही तिघं :
वरचा गेलाख्सान, मधला मी, खालचा बिमुर्झा.
आमच्या स्वानेतीत गाणं एकट्याचं नसतं,
तिवईला तीन पाय लागतात.
सुरुवात मधल्यानं करायची,
वरच्यानं ती उचलून कड्यापर्यंत न्यायची,
आणि खर्जानं नुसतं उभं राहायचं,
जू मानेवर येईपर्यंत बैल उभा राहतो तसं.

माझ्या जोकियाला गोवर आला तेव्हा
खिडकीला लाल कापड बांधलं.
गोवर म्हणजे पाहुणा, त्याच्यासमोर आवाज चढवायचा नाही,
त्याला गोड गाऊन वाटेला लावायचं.
तिघं पुरुष खाटेशी गुडघे टेकून,
दांडगे, चामड्याच्या हातांचे,
पिसासारखं गात होतो तीन रात्री.
पाहुणा गेला. पोरगा राहिला.
त्याच्याच लग्नात बिमुर्झा घोड्यावरून पडला,
आणि चिखलात बसूनही
त्यानं खालचा सूर सोडला नाही.

मरणाच्या गाण्याला आमच्याकडे शब्द नाहीत.
कुणी म्हणतं होते, झिजले,
उंबऱ्यावरचा दगड झिजतो तसे.
मी चौदाचा होतो, पहिल्यांदा उभा राहिलो,
काय म्हणू ते सुचेना.
शेजारचा म्हातारा पुटपुटला,
"शब्द कसले शोधतोस?
आलास तेव्हा काय बोलला होतास?"

फेब्रुवारीत बिमुर्झा गेला.
घाट बंद, वीज नाही,
दोन दिवस फावड्यानं वाट काढली कबरीपर्यंत.
आदल्या रात्री चुनिरी शेकोटीशी धरून तापवली,
ओल आली की तिची तार घसा बसल्यासारखी बोलते.
मग अंगणात गेलाख्सान आणि मी.
दोनच.

मी सुरू केलं. त्यानं उचललं.
खाली काही नव्हतं.
जिन्याची शेवटची पायरी आहे समजून
पाय टाकावा आणि ती नसावी,
तसं दोघंही पडत राहिलो,
थांबताही येईना; ते अर्ध्यावर थांबवत नाहीत.

तेव्हा दारातून आला तो.
बारीक, खरखरीत, पण जागचा न हलणारा.
पेलाजिया, त्याची बायको,
चाळीस माणसांच्या भाकरीचं पीठ कोपरापर्यंत,
आमच्याकडे न पाहता, परातीकडे पाहत.
बायकांनी हे गायचं नसतं.
कुणी मान वळवली नाही.
साठ वर्षं दाराआड ऐकलेलं
तिनं जसंच्या तसं बाहेर आणून ठेवलं :
जिथे बिमुर्झा चोरून श्वास घ्यायचा
तिथेच तिनं घेतला.

गेलाख्सानचा वरचा सूर तिथे फाटला.
माझा कसा टिकला मला माहीत नाही.

आता एप्रिल. बर्फ छपरावरून धपकन पडतो,
कुत्री भुंकतात.
जोकिया पोलंडात ट्रक चालवतो,
काल त्याला मुलगी झाली.
फोनवर तिचं रडणं पाठवलंय, अकरा सेकंदांचं.
मी सात वेळा ऐकलं. पट्टी कळेना.
बूट चढवले, काठी घेतली,
निम्मी चढण चढल्यावर आठवलं
की ज्याला विचारायला निघालो तो नाही.

तरी गेलो.
पेलाजिया कोंबड्यांना दाणे टाकत होती.
फोन कानाला लावून तिनं ऐकलं, डोळे मिटले,
आणि एक सूर लावला.
"नक्की हाच?" मी म्हटलं.
"छे," ती म्हणाली,
आणि दुसरा लावला.