अर्धा तास

'आधा घंटा बैठिए,' सोलंकीबाबू म्हणाले
आणि माझी फाइल पुन्हा फायलींत ठेवली.
बसले.
बसण्यात मी आता तरबेज आहे.
कलेक्टर कचेरीतल्या या बाकाची तिसरी फळी सैल आहे
हे नव्या माणसांना मीच सांगते.

कराचीहून इंदूरला येऊन अकरा वर्षं.
रामबागेतल्या घरी पहिल्याच दिवशी
सासूबाईंनी विचारलं, तिकडे मराठी कुठून?
काय सांगू. आमच्या गल्लीत भाद्रपदात गणपती बसायचा,
आरतीचं पुस्तक फाटलं की कुणीतरी हातानं उतरवायचं,
चुका दिसल्या तशा, जपून.
त्या चुकांसकट मी इथे आरती म्हणते.
शेजारणी माझ्याकडे बघतात
आणि त्यांचीच टाळी चुकते.

पासपोर्टवर मी मंडाकनी,
लग्नाच्या दाखल्यावर मंदाकिनी.
शंभराच्या स्टॅम्पवर लिहून दिलं
की या दोन बायका एकच आहेत.
नोटरीनं न वाचता शिक्का मारला.
मला वाटलं होतं, एकदा तरी विचारेल:
नक्की?

चौकशीला हवालदार आला तेव्हा मी दळण आणायला गेले होते.
त्यानं कवठेकर काकूंना विचारलं, बाई कशी आहे.
काकू म्हणाल्या, साबुदाण्यात दाणे फार घालते.
और?
और कुछ नहीं.
एवढ्यावर फाइल भोपाळला गेली,
भोपाळहून दिल्लीला.
मला उज्जैनलाही विचारून जावं लागतं.

चैत्रात पत्र आलं. मंजूर.
फक्त तिकडचं सोडल्याचा कागद जोडा.
हिरवा पासपोर्ट पाकिटात घालण्याआधी पानं चाळली,
बहुतेक कोरी.
फोटोत मी एकोणतीस वर्षांची,
कानात आईच्या कुड्या.
यथावकाश कागद आला: तुम्ही आमच्या नाही.
तुम्ही आमच्या आहात, हा मात्र
अजून कुणाच्या तरी टेबलावर आहे.
आता श्रावण सरत आला.
'आखिरी स्टेज है, भाभीजी,
आखिरी में ही टाइम लगता है.'

सकाळी कचरागाडी येते.
ओला हिरव्या डब्यात, सुका निळ्या.
या शहरात चुकलं तर गाडीवरचा पोरगा
परत काढायला लावतो.
परवा चहाची पुडी हातात घेऊन उभी राहिले,
पत्ती ओली, पुडी सुकी.
'आंटी, जल्दी.'

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.
फोनवर दिसली, डोळ्यावर हिरवी पट्टी,
मागे भिंतीवर माझंच लग्नातलं काहीतरी टांगलेलं.
कधी येतेस, असं हल्ली विचारत नाही.
विचारते, तुमच्याकडे किती वाजले गं?
तिला माहीत असतं.
आमचं घड्याळ तिच्या अर्धा तास पुढे.
मी देवाजवळ दिवा लावून सांगते, सात;
ती वात वळत म्हणते, मला अवकाश आहे.
तो मधला अर्धा तास,
माझा संपलेला, तिचा यायचा,
कुठल्याच खात्यात न नोंदलेला.
सध्या मी तिथे राहते.
तिथेच मेथी निवडते, तिथेच
कुकरच्या शिट्ट्यांमधून शपथ घोकते,
'सत्यनिष्ठा'वर अडखळते, पुन्हा पहिल्यापासून.
श्रीरंग म्हणतो, अगं वाचून म्हणायची असते,
पाठ कशाला?
पण मला ती आरतीसारखी हवी,
पुस्तक फाटलं तरी येणारी.

सोलंकीबाबू डबा घेऊन उठले.
शेजारी एक मुलगी येऊन बसली, मीरपूरखासची,
मांडीवर प्लास्टिकची पिशवी
दोन्ही हातांनी धरलेली.
'कितना टाइम लगता है, दीदी?'

मी थोडी सरकले.
म्हटलं, इकडे ये,
ती फळी सैल आहे.