टिंबाच्या उजवीकडे

बिश्केकमध्ये संध्याकाळचे सात.
मंत्रालयातला हीटर खोकतो आहे.
आयचुरेक अर्ज भरते आहे,
आक्षेपाचं कारण: शंभर शब्दांत.

परदेशातल्या कुठल्याशा तंबूवाल्या कंपनीला
टिंबाच्या उजवीकडे हवंय
अकसेरे.
फी भरलीय त्यांनी, पावतीही जोडलीय.

अकसेरे, म्हणजे वडलांचं उन्हाळी कुरण,
जूनमध्येसुद्धा पहाटे
बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरते तिथे.
ते नाव आजवर
कुणाच्याच नावावर नव्हतं.

ती लिहिते: सांस्कृतिक वारसा. खोडते.
लिहिते: सार्वभौमत्व.
साहेबांना आवडेल. राहू देते.

मग फोन लावते.
"आबा, हे नाव ठेवलं कुणी?"
पलीकडे वारा, घोडीचं फुरफुरणं.
"ठेवतंय कोण?
घोडी चुकली की आपण घोडीला नाही,
जागेला हाक मारतो.
अकसेरे! म्हणून ओरडायचं.
ती कान टवकारते, वळते."

अजून एकतीस शब्द शिल्लक.
पण हे कुठल्या रकान्यात लिहायचं
ते सूचनांमध्ये दिलेलं नाही.

साडेआठला ती 'पाठवा' दाबते.
एकतीस शब्द
तसेच कोरे.