मानेवरचा ओघळ

डाव्या कानाखाली माझ्या
एक तपकिरी ओघळ आहे, बोटभर लांब.
नव्या नर्स विचारतात, भाजलं का?
हो म्हणते. अत्तराने.

ब्रांकालेओनेच्या मागच्या खोलीत
नुंझिएला मावशी बर्गामोटची हिरवी साल
समुद्री स्पंजावर दाबायची,
मनगट अर्धं वळवून, पुन्हा अर्धं,
आणि मातीच्या कुंड्यात अर्क टपकायचा
इतका सावकाश, की मधल्या वेळात
शेजारच्या घरातलं भांडण पूर्ण ऐकून व्हायचं.
दोनशे किलो फळांमागे एक किलो.
म्हणून ती हात ॲप्रनला पुसत नसे,
केसांना पुसायची.

ऑगस्टच्या उत्सवात मी तिची बाटली चोरली.
बदामतेलात मिसळायचं असतं, हे ऐकलेलं होतं;
ऐकलेलं होतं, एवढंच.
साल्वोची होडी भर दुपारी सुटणार होती
आणि माझा वास
वल्ह्यापर्यंत पोचायला हवा होता.

वल्ह्यापर्यंत पोचला की नाही, ठाऊक नाही.
दुसऱ्या रात्री मान पेटली.
जिथून थेंब ओघळला होता
बरोबर त्याच वाटेने फोड आले,
नकाशावर नदी काढावी तसे.
मावशी रागावली नाही.
ओला फडका ठेवत म्हणाली,
"ऊन आणि हे तेल
एका कातडीवर बसवायचं नसतं, पोरी.
दोघांचं जुनं वैर आहे."
साल्वोने पुढे जेनोव्हात लग्न केलं.

आता तोरिनोत, शेवटच्या आजारांच्या इस्पितळात,
मी थेंब मोजते.
तीस मिलिलिटर बदामतेलात सहा.
सातवा पडला तर सगळं ओतून देते, पुन्हा सुरू करते.
थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात;
माझी नोकरी तळं साचू न देण्याची.
बाटली तपकिरी काचेची, वर उघडल्याची तारीख,
कारण जुनं झालेलं तेल
वासाला गोड राहतं आणि कातडीला चावतं.
इथलं बर्गामोट उन्हाशी भांडत नाही,
त्यातलं भांडण कारखान्यात काढून घेतलेलं असतं.
तरी मी हात लावलेल्या माणसाला
खिडकीपासून लांब बसवते. सवय.

सात नंबरमध्ये अगाझिओ, कोंदोफुरीचा.
"चमचाभर पाज की. आपल्याकडचंच आहे."
नाही.
"नैसर्गिक आहे ना?"
कण्हेरही नैसर्गिकच आहे, म्हटलं,
आमेंदोलेआच्या कोरड्या पात्रात
काय मस्त फुलते, नाही?
तो हसला, मग बराच वेळ खोकला.
मी आधीच सांगून टाकलं:
गाठीला याने काही होणार नाही.
झोपेचंही वचन देत नाही.
"मग देतेस कशाला?"
याचं उत्तर माझ्या ट्रेमध्ये नव्हतं.

पलीकडच्या खाटेवर बार्बेरिस.
त्याला औषधाने असं करून ठेवलंय
की सूप आलं तरी तोंड फिरवतो.
म्हणून वाफेचं यंत्र कपाटात बंद.
खोली दोघांची आहे, हवाही दोघांची.
एकच थेंब, रुमालावर,
अगाझिओच्या उशीच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात.

त्याने हुंगलं. डोळे मिटून, नीट.
"काही येत नाही."
पुन्हा हुंगलं.
"काहीच नाही, पोरी."

माझा हात बाटलीकडे गेला, खोटं कशाला बोलू.
अजून एक, कुणाला कळणार होतं?
पण मानेवरचा ओघळ तेवढ्यात खाजला,
किंवा मला तसं वाटलं.
मी टोपण घट्ट लावलं.

तो रुमालाकडे पाहत राहिला,
परक्या पोस्टाच्या तिकिटाकडे पाहावं तसा.
मग पडद्याच्या दिशेने ओरडला,
जेवढं ओरडता येतं तेवढं:
"ए पिएमाँतवाल्या, तुला येतो का?"

बराच वेळ काही नाही.
खाली ट्राम वळली.

"येतो थोडा," बार्बेरिस म्हणाला.
"एवढा चालेल."