अडत

वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात मी हिशेब लिहितो,
त्यामुळे टेलिकन्व्हर्टर मला पहिल्याच दिवशी कळला:
हा अडत्या.
स्वतःचं शेत नाही, स्वतःची नजर नाही,
लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बोटभर जागा अडवून बसतो,
लांबचा माल जवळ आणून देतो
आणि उजेडातून आपली अडत कापतो.
दुप्पट हवं, तर दोन स्टॉप.
पावती नाही.

डॉक्टर शर्वाणी कारखानिसांकडे मोठा झूम आहे,
दीडशे ते सहाशे, दुधाच्या किटलीएवढा,
अक्कलदाढांच्या कमाईतून घेतलेला, असं त्या स्वतःच सांगतात.
माझी तीनशेची जुनी लेन्स,
बेलापूरच्या एका लग्नवाल्याकडून घेतलेली,
तिच्या पाठीशी हा दुप्पट करणारा.
दोघांचेही सहाशे.
प्रश्न एवढाच, कोणाचे खरे.

फेब्रुवारीतला रविवार, नेरुळ, तळ्याचा बांध.
पाण्यापलीकडच्या पंपघराच्या भिंतीवर
डॉक्टरांनी आदल्या संध्याकाळी
वर्तमानपत्राचं एक पान चिकटवून ठेवलेलं.
ट्रायपॉड हलू नये म्हणून त्याच्या पोटाला
माझी पाच किलो बटाट्यांची पिशवी.
दोन सेकंदांचा टायमर. श्वास बाजूला वळून घ्यायचा.

त्यांच्या झूमचा मधला भाग धारदार,
कडेची अक्षरं ओलसर.
माझ्याकडे सगळंच थोडं मऊ, उकडल्यासारखं.
कन्व्हर्टर बिघडवत काही नाही हो, मी म्हणालो,
लेन्सची असलेली चूक फक्त मोठ्यानं सांगतो.
"आमच्या धाकट्या जाऊबाईंसारखा," त्या म्हणाल्या.

मग पडद्यावर मोठं करून विचारलं,
उजवीकडची शेवटची ओळ?
"कांदा, नंबर एक, अठराशे चाळीस," मी वाचलं.
त्यांच्या फोटोत त्यांना तीन की आठ ते ठरवता येईना.
मी जिंकलो.
पुढची पाच मिनिटं मी फार चांगला माणूस होतो,
थर्मासमधला चहा आधी त्यांना ओतला.

मग लक्षात आलं.
तो भाव शुक्रवारी फोनवरून मीच कळवला होता,
लिहून घेणाऱ्या पोराला दोनदा, चाळीस, अरे चाळीस.
फोटोत तिथे फक्त एक राखाडी डाग होता,
चार मुंग्या दाटीवाटीनं बसल्यासारखा.
मी माझाच आवाज वाचला होता.

सांगितलं त्यांना.
सांगायला वेळ लागला, तेही सांगतो.
त्या हसल्या नाहीत. एक्स-रेचंही असंच, म्हणाल्या,
कुठला दात दुखतो ते पेशंटनं आधी सांगितलं
की तिथे कीड दिसायलाच लागते.
चला, दोघांनाही माहीत नाही असं काही वाचू.

पाण्यात रोहित उभे होते, डोकं उलटं करून चिखल गाळत.
एकाच्या पायात कडं, कड्यावर तीन अक्षरं.
पण साडेनऊ होऊन गेलेले,
चिखलावरची हवा तापल्या तव्यावरच्यासारखी थरथरणारी.
माझा फोकस पुढे-मागे, पुढे-मागे,
गाडी न आलेल्या दिवशीच्या हमालासारखा.
त्यांचा जागेवर बसला,
पण त्यालाही कडं वितळलेलंच मिळालं.
पक्ष्याच्या आणि आमच्या मधे आणखी एक अडत्या होता,
त्याचा दर विचारायची सोय नव्हती.

वहीत डॉक्टरांनी लिहिलं: पहिलं अक्षर बहुतेक के.
खाली मी लिहिलं: आर.
कोणीच खोडलं नाही.
बटाटे त्यांनी घरी नेले,
भाव न विचारता.